दोन ऑफिसांचं काम आणि मधे अडकलेली पार्टी

वाचकांचे प्रश्न : घर, जागा, व्यवहार

घर-जागेच्या व्यवहारातलं काहीही विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आम्हाला वाटलेलं की सात-बारा, वारसनोंद, गुंठेवारी असलीच पत्रं येतील. तीही आली, पण या वेळी एजंटगिरीवरची पत्रं इतकी आली की बाकीची पुढच्या अंकाला ठेवतोय. नावं-गावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका एस्टेट एजन्सीत कामाला आहे, पगार थोडका आणि वर इन्सेंटिव्ह, काम बहुतेक रिसेल फ्लॅटचं. पगारात भागत नाही म्हणून मागच्या वर्षीपासून शाहूपुरीतल्या दुसऱ्या एका ऑफिससाठी पण गिऱ्हाइकं बघतो, तिथं पगार नाही, सौदा झाला की दलालीत वाटा. दोन्ही ओनर एकमेकाला ओळखतात पण मी दोन्हीकडं आहे हे त्यांना माहीत नाही. आता झालंय असं, नागाळा पार्कातला एक टू बीएचके राजारामपुरीच्या ऑफिसकडं विकायला आलाय. काका रिटायर्ड आहेत, रेट ५८ लाख सांगितलाय. पण मी चावी आणायला गेलो तेव्हा दारातच म्हणाले, "पोरीकडं पुण्याला जायचंय रे आता, ५२ पर्यंत आलं तरी देऊन टाकतो, पण हे कुणाला बोलू नको." त्याच आठवड्यात शाहूपुरीच्या ऑफिसकडून एक जोडपं आलं, दोघं नोकरीला, त्यांना असाच फ्लॅट पाहिजे होता, मी नेऊन दाखवला, आवडला, आणि खाली पार्किंगमध्ये त्या ताईंनी मला विचारलं, "दादा खरं सांगा, कितीपर्यंत कमी होईल?" मी काहीच बोललो नाही. दोन्हीकडचं धरून मला बरे पैसे सुटतील. यात बेकायदेशीर काही आहे का, आणि ओनरना सांगायलाच पाहिजे का? मित्र म्हणतात सगळेच करतात.

उत्तर : दादा, पार्किंगमध्ये तुमच्या तोंडातनं शब्द फुटला नाही ना, तिथंच सगळं आलं. खरं बोलला असता तर काकांनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट फुटली असती, आणि "५७ च्या खाली येणारच नाहीत" असं ठोकून दिलं असतं तर त्या ताईंना फसवलं असतं. दोघांतल्या एकाचं नुकसान केल्याशिवाय तोंड उघडता येत नाही अशा जागी तुम्ही उभे आहात, यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, आणि त्यासाठी माणूस लबाड असावा लागत नाही, चांगला सरळ माणूससुद्धा तिथं उभा राहिला की अडकतोच.

आधी कायद्याचं बघू. दोन एजन्सींसाठी काम करू नये असं रेरा कायद्यात (बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा रिअल इस्टेटचा कायदा) कुठंही लिहिलेलं नाही. हा कायदा २०१६ चा, एजंटांच्या नोंदणीची तरतूद मे २०१७ पासून लागू झाली. बिल्डर आपल्या नोंदणी केलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकत असेल तर तिथं मधे पडणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते, कलम ९. नोंदणी न करता मधे पडला तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार दंड, आणि तो वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ साली महारेरानं, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणानं, एजंटांसाठी ट्रेनिंग आणि परीक्षा पण आणली. पण तुमचा मामला रिसेलचा, एका घरमालकानं दुसऱ्याला विकायचा, त्यामुळं रेरा इथं फारसा लागत नाही आणि बरेचजण इथंच निर्धास्त होतात, रेरा नाही म्हणजे आपल्याला विचारणारं कोण नाही असं धरून चालतात.

विचारणारा कायदा आहे, आणि तो रेराच्या कितीतरी आधीचा आहे. १८७२ चा करार कायदा, त्यातलं दहावं प्रकरण पूर्ण एजंटावर आहे. त्या जुन्या कायद्याची चांगली गोष्ट म्हणजे कलमाखाली उदाहरणं दिलीत आणि ती वाचली की आपल्या शाहूपुरीतलाच किस्सा वाचतोय असं वाटतं. कलम २१६ खालचं उदाहरण असं आहे, एकानं एजंटाला सांगितलं की अमुक घर मला घेऊन दे, एजंट म्हणाला ते घर मिळत नाही, आणि स्वतःच घेऊन टाकलं. तर कळल्यावर तो माणूस एजंटाला भाग पाडू शकतो की ज्या भावात घेतलंस त्याच भावात मला दे. कलम २१५ खालचं त्याच्याही पुढचं आहे, मालकानं जमीन विकायला दिली, एजंटाला पाहणी करताना कळलं की जमिनीखाली खाण आहे, मालकाला पत्ताच नाही. एजंट म्हणाला ही जमीन मीच घेतो, मालकानं होकार पण दिला, पण खाणीचं लपवलं. नंतर मालकाला कळलं तर सौदा मोडायचा का ठेवायचा हे मालकाच्या हातात. नीट बघा, या दुसऱ्या उदाहरणात एजंटानं "मी घेतोय" हे सांगितलेलं आहे, तरीही तो अडकला, कारण अर्धंच सांगितलं. आणि कलम २२० म्हणतं की कामात गैरवर्तन केलं तर त्या कामाची दलाली एजंटाला मागता येत नाही. म्हणजे काकांनी उद्या दलाली द्यायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तुम्ही आणि तुमचं ऑफिस दोघंही अडचणीत.

आता "सगळेच करतात" याचं. हे वाक्य आम्ही उडवून लावणार नाही, कारण कायदाच म्हणतो (कलम २११) की मालकानं काही सांगितलेलं नसेल तर एजंटानं त्या ठिकाणच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणं वागावं. आणि कोल्हापुरात दोन्ही बाजूंकडनं दलाली घ्यायचा रिवाज आहेच. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं, इसाराच्या वेळी एकाच टेबलावर बसून दोघं आपापली दलाली देतात, तिथं कुणी कुणाला फसवत नाही. तो माणूस खरोखर मध्यस्थ असतो, दोघांना समोरासमोर आणतो, भाव त्यांचा ते ठरवतात. पण तुमचं तसं नाहीय. तुम्हाला काकांनी आपला माणूस समजून आकडा सांगितला, आणि त्या ताईंनी पण आपला माणूस समजून आकडा विचारला. दोघांनाही तुम्ही फक्त आपल्या बाजूचे वाटताय. दोन्हीकडनं दलाली घ्यायचा रिवाज आहे, दोघांनाही "मी तुमचाच" असं वाटू द्यायचा रिवाज कुठल्याच गावात नाही, आणि असला तरी कुठलं कोर्ट तो मान्य करेल असं आम्हाला वाटत नाही.

पैशाचं पण एकदा मांडून बघा, कारण इथं मन कसं फिरतं ते आकड्यात दिसतं. ५८ आणि ५२ मधे ६ लाखांचा फरक. काकांना ते ६ लाख म्हणजे म्हातारपणाची बेगमी, त्या जोडप्याला ६ लाख म्हणजे होमलोनची कितीतरी वर्षं. आणि एक टक्का दलाली धरली तर ६ लाखांवर दलालीत फरक पडतो ६ हजारांचा, त्यातला तुमचा वाटा अजून कमी. म्हणजे भाव ५२ ला ठरला काय न ५८ ला ठरला काय, तुम्हाला जवळजवळ सारखंच, तुम्हाला फक्त सौदा व्हायला पाहिजे, आणि दोन्हीकडनं वाटा असेल तर दुप्पट घाईनं व्हायला पाहिजे. ज्याच्या हातात दोन्ही बाजूंची गुपितं आहेत त्यालाच भावाची फिकीर नाही, ही खरी धोक्याची गोष्ट आहे, आणि ती एक नंबरच्या प्रामाणिक एजंटालाही लागू पडते.

मग करायचं काय. तुम्ही विचारलंय ओनरना सांगायलाच पाहिजे का. हो, सांगायलाच पाहिजे, आणि आधी राजारामपुरीच्या, कारण तिथं तुम्ही पगारी आहात, नेमणुकीच्या कागदावर "दुसरीकडं काम करणार नाही" असं असेल तर तो मुद्दा वेगळा आणि मोठा. कागद काढून वाचा, बरेचजण सही करून विसरून जातात. तसं काही लिहिलेलं नसलं तरी पगार घेताय तोवर त्यांच्या धंद्याच्या आड येईल असं काही लपवून करायचं नाही हे धरूनच चालायचं. पण पत्र वाचताना आम्हाला एक गोष्ट खटकली, तुम्ही दोन्ही ओनरचा विचार केलाय, काकांना आणि त्या जोडप्याला सांगायचं का हे विचारलेलंच नाहीय. ओनर दोघं उद्या म्हणतील की चालतंय, फिफ्टी-फिफ्टी करू, त्यांचं मिटलं. पण ५८ लाखांची वस्तू त्यांची नाहीय, आणि कर्जही ते काढणार नाहीत. परवानगी ज्यांच्या खिशाला झळ बसणार आहे त्यांची लागते, ओनरची लागते ती त्यानंतर.

सांगायचं म्हणजे तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून. असं काहीतरी : "काका नमस्कार. तुमचा फ्लॅट बघायला जे जोडपं आलं होतं ते शाहूपुरीच्या ज्या ऑफिसकडून आले त्या ऑफिससाठी पण मी काम करतो. म्हणजे या सौद्यात दोन्ही बाजूंनी माझा संबंध येतो. हे तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही मला रेटबद्दल जे सांगितलंय ते मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. इथून पुढं भावाची बोलणी मी करणार नाही, आमच्या ऑफिसमधले दुसरे करतील. तुमची हरकत असेल तर तसं कळवा." त्या ताईंना पण असाच मेसेज, त्यात काकांच्या रेटचा उल्लेख मात्र चुकूनही नको, "मला विकणाऱ्यांची काही माहिती आहे जी मी सांगू शकत नाही, त्यामुळं मी तुमच्या बाजूनं घासाघीस करू शकत नाही" एवढंच, आणि शाहूपुरीच्या ऑफिसातला दुसरा कुणीतरी त्यांना द्या.

आणि नुसतं सांगून भागेल का? दोन्हीकडं काम करतोय एवढंच असतं तर भागलं असतं. पण तुमच्याकडं तो ५२ चा आकडा आहे आणि एका ऑफिसात कळलेली गोष्ट दुसऱ्या ऑफिसात जाऊन विसरता येत नाही. ताईंनी ४९ सांगितले तर तुमच्या चेहऱ्यावर दिसेल, ५४ सांगितले तरी दिसेल. म्हणून या सौद्यात भावाच्या टेबलावर तुम्ही बसूच नका. आमचं स्पष्ट मत आहे की खरेदी बाजूची दलाली या वेळी सोडून द्या. ५५ ला सौदा झाला तर एका बाजूचे एक टक्क्यानं ५५ हजार होतात, त्यातला तुमचा वाटा जाईल, तो काही कमी नाही हे आम्हाला कळतं, पगारात भागत नाही म्हणून दुसरं ऑफिस धरलेल्या माणसाला ते सोड म्हणणं आम्हालाही सोपं वाटत नाही. पण तो वाटा घेतलात आणि नंतर काकांना कळलं, आणि कोल्हापुरात कळतंच, कुणाचा तरी मेव्हणा त्याच अपार्टमेंटमधे राहतो, तर नागाळा पार्कातनं तुम्हाला परत कोण चावी देणार नाही.

पुढचं म्हणून, दोन्हीकडं काम चालू ठेवायचंच असेल तर एकीकडं रिसेल आणि एकीकडं भाड्याची कामं, किंवा एकीकडं शहरातले फ्लॅट आणि दुसरीकडं उजळाईवाडी-गोकुळ शिरगाव बाजूची गोडावनं अशी वाटणी करून घ्या, दोन्ही ओनरना सांगून. तेच गिऱ्हाईक तीच वस्तू दोन्हीकडं येणारच नाही अशी व्यवस्था असली की निम्मे प्रश्न उभेच राहात नाहीत. आणि रिटर्न भरताना दोन्हीकडचं उत्पन्न दाखवा, कमिशनवर टीडीएस कापला की तो तुमच्या पॅनवर दिसतोच (ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ चा २ टक्के झालाय).

प्रश्न : फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूला एका नवीन स्कीममधे फ्लॅट बघितला, २ लाख टोकन दिलंय. एजंट ओळखीतनं आलेला, "ताई मी तुमच्या बाजूनं आहे, बिल्डरकडनं रेट पाडून घेतो" म्हणाला, त्याची एक टक्का दलाली पण आमच्याकडनं ठरलीय. आता साइट ऑफिसला गेले तर तिथं टेबलामागं तोच बसलेला! म्हणे मी इथलं पण बघतो. शिवाय शेजारच्या दुकानदारानं सांगितलं की २०२१ च्या पुरात पुढच्या रस्त्यावर पाणी होतं, एजंट म्हणालेला इथं पाणी कधी येत नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, अजून टोकनच गेलंय, खूप काही हातात आहे तुमच्या. पुढचा चेक आत्ता देऊ नका.

महारेराच्या साइटवर जाऊन त्या प्रोजेक्टचा नंबर टाका, नोंदणी असेल तर सगळी माहिती दिसेल. बिल्डरला नोंदणी करताना आपल्या प्रोजेक्टसाठी कोण कोण एजंट आहेत त्यांची नावं द्यावी लागतात. तुमच्या एजंटाचं नाव तिथं असेल तर तो बिल्डरनं जाहीर केलेला एजंट आहे, "तुमच्या बाजूनं" हे त्यानं उगीच सांगितलं. नाव नसेल, नोंदणी नंबरच नसेल तर ते अजून वाईट. एजंटानं प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी नंबर द्यायचा असतो, त्याला मेसेज करून मागा, लगेच पाठवला नाही तर काय समजायचं ते समजा. प्रोजेक्टच सापडला नाही तर मात्र आधी बिल्डरला विचारा का नाही, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा आठपर्यंत फ्लॅटची स्कीम असेल तर नोंदणीतनं सूट असते.

दुसरं, त्याला लेखी विचारा की बिल्डर तुम्हाला या फ्लॅटवर किती देणार आहे. रागानं नको, सरळ विचारा, तुमचा हक्क आहे. बिल्डरकडनं टक्केवारी घेणारा माणूस बिल्डरचा रेट पाडेल यावर आमचा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका. त्याची एक टक्का दलाली ज्या कामासाठी ठरली ते काम तो करूच शकत नाही, म्हणून ती द्यायची नाही किंवा दिली असेल तर परत मागायची. ऐकलं नाही तर नोंदणीकृत प्रोजेक्ट असेल तर महारेराकडं ऑनलाइन तक्रार करता येते. कलम १० नुसार एजंटानं खोटी माहिती देऊन धंदा करायचा नाही आणि बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाचा हक्क असलेले सगळे कागद, सगळी माहिती मिळवून द्यायची, आणि फसवेगिरी सिद्ध झाली तर त्याची नोंदणी रद्दही होऊ शकते. एक टक्का तुम्ही सेवेसाठी देताय म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता पण आहे.

टोकनचं, १० टक्क्यांच्या वर रक्कम रजिस्टर केलेल्या कराराशिवाय बिल्डरला घेता येत नाही, कलम १३. आत्ताच रजिस्टर करार मागा, आणि सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, एजंटानं सुचवलेल्या वकिलाला नको, तुमच्या तुम्ही शोधलेल्या.

आणि पाणी. यावर आम्हाला मनापासून सांगावंसं वाटतं की कोल्हापुरात जागा घेताना रेटच्या आधी हे विचारायला पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा. ज्यानं तेव्हा पुरात बुडालेली चिखली-आंबेवाडीची घरं बघितलीत तो "पाणी येत नाही" हे एजंटाच्या तोंडचं वाक्य पुरावा म्हणून धरणार नाही. महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा पाटबंधारेकडं तुमचा गट नंबर किंवा सर्व्हे नंबर घेऊन जा आणि निळी रेषा, लाल रेषा (पुराचं पाणी कुठपर्यंत येतं ते दाखवणाऱ्या पूररेषा) कुठनं जाते ते नकाशावर बघा. मग त्याच रस्त्यावरच्या तीन-चार घरात जाऊन विचारा की २०२१ ला गाड्या कुठं नेऊन लावल्या होत्या. पाणी आलं होतं का असं विचारलं तर लोक जागेचा भाव पडेल म्हणून नाही म्हणतात, गाड्या कुठं लावल्या हे मात्र सगळे सांगतात. बिल्डरच्या जाहिरातीत किंवा ब्रोशरमधे पुरापासून सुरक्षित असं काही छापलं असेल तर ते जपून ठेवा, खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते.

प्रश्न : माझं स्वतःचं छोटं एस्टेट ऑफिस आहे, दोन पोरं कामाला. ट्रेनिंग मी द्यायचं, ओळखी मी करून द्यायच्या, आणि एक पोरगा आमचीच गिऱ्हाइकं दुसऱ्या ऑफिसला देतोय असं कळलंय. आता करारात टाकायचं म्हणतोय की माझं काम सोडल्यावर दोन वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात एजंटगिरी करायची नाही. वकील मित्र म्हणाला टिकणार नाही. खरं का?

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. करार कायद्याचं कलम २७, कुणाला कायदेशीर धंदा-पेशा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. क्रिकेटर झहीर खानची केस आठवत असेल तर बघा, त्याचा एका एजन्सीशी करार होता आणि करार संपल्यावर तो दुसरीकडं निघाला तर जुन्या एजन्सीनं जुन्या अटीचा आधार घेऊन अडवायला बघितलं. २००६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कराराची मुदत संपल्यानंतर असं बांधून ठेवता येत नाही. तुमच्या दोन वर्षांच्या अटीचं तेच होणार.

पण काम चालू आहे तोवरची अट टिकते. १९६७ ची गोलिकरी केस आहे, कल्याणच्या कारखान्यातला माणूस कराराची मुदत चालू असतानाच स्पर्धक कंपनीत गेला, तिथं सुप्रीम कोर्टानं मुदतीपुरतं बंधन योग्य ठरवलं. म्हणून "इथं कामाला असेपर्यंत दुसऱ्या एजन्सीसाठी लेखी परवानगीशिवाय काम करणार नाही, आणि इथली गिऱ्हाइकांची माहिती, नंबर, रेट बाहेर देणार नाही" एवढं टाका, ते बास आहे.

आणि एक विनंती आहे, पगार किती देताय ते पण बघा. दुसरं ऑफिस का धरावं लागलं हे पहिल्या पत्रातल्या पोरानं लिहिलंय, तुमच्या पोराचं वेगळं असेल असं वाटत नाही. पूर्ण वेळ बांधून घ्यायचं तर पूर्ण वेळाचा पगार द्यायला पाहिजे. ते परवडत नसेल तर मग उघडपणे परवानगी द्या, कुठल्या ऑफिसला काय करतो ते रजिस्टरला लिहायला लावा, आणि प्रत्येक नवीन पार्टीचं नाव त्या दिवशीच तारखेसह नोंदवा, म्हणजे गिऱ्हाईक आधी कुणाचं यावर पुढं भांडण होणार नाही. पोराला बोलवून समोरासमोर विचारा, त्याच्या पाठीमागं चौकश्या करत बसू नका, ऑफिस दोन पोरांचं आहे, तिथं संशय पसरला तर दुसरापण जाईल.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत रिअल इस्टेटचं लायसन्स काढून एका ब्रोकरकडं काम करतो. तो म्हणतो तिकडच्या मराठी लोकांना कोल्हापूर-पन्हाळा बाजूचे प्लॉट मी मिळवून देतो, तू इकडनं बघ, कमिशन वाटून घेऊ. चालेल का?

उत्तर : भाच्याला आधी त्याच्या ब्रोकरला विचारू दे. तिकडं बहुतेक राज्यांत सेल्सपर्सनचं लायसन्स एका वेळी एकाच ब्रोकरच्या हाताखाली असतं आणि कमिशनही त्या ब्रोकरमार्फतच यावं लागतं, इकडनं परस्पर पैसे घेतले तर लायसन्सवर बेतू शकतं. तिकडच्या काही राज्यांत, उदाहरणार्थ फ्लोरिडात, एकाच माणसानं विकणारा आणि घेणारा दोघांचा पूर्ण एजंट होणं हेच चालत नाही, त्यामुळं त्याला हा विषय तुमच्या-आमच्यापेक्षा चांगला माहीत असणार.

इकडं तुमचं, बिल्डरच्या नोंदणीकृत प्लॉटिंग स्कीममधला प्लॉट असेल तर तुम्हाला महारेरा नोंदणी लागेल, मामा म्हणून नुसती ओळख करून दिली आणि पैसे घेतले तरी, कारण कायद्यात ओळख करून देणारा पण एजंटच धरलाय. आणि शेतजमीन असेल तर विषयच संपला, परदेशस्थ भारतीयांना शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला "फार्महाऊस प्लॉट" म्हणून जे बोर्ड लागतात त्यातलं काहीही त्यांना दाखवायच्या आधी सात-बारा काढा आणि एन.ए. (बिगरशेती) ऑर्डर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर जाऊ नका.